इशा ते फजर : पिंपरीच्या गच्चीवरून देवयानीचा फोटो

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात भिंतीवर किंवा फ्रिजच्या दारावर नमाजच्या वेळांचा तक्ता असतो. मशिदीच्या कमिटीने छापलेला, खाली एखाद्या मिठाईवाल्याची नाहीतर उमरा टूर्सची जाहिरात. त्या तक्त्यातले दोन रकाने आकाशाचे फोटो काढणाऱ्याच्याही रोजच्या कामाचे आहेत. एक ‘इशा सुरू’ आणि दुसरा ‘फजर सुरू’.

सूर्य मावळला म्हणजे लगेच रात्र होत नाही, हे आपल्याला मगरिब आणि इशातल्या अंतरावरून माहीतच आहे. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की त्याचा आकाशात रेंगाळणारा शेवटचा उजेडही संपतो. खगोलशास्त्रात याला खगोलीय संधिप्रकाशाची अखेर म्हणतात. आपल्याकडचे बहुतेक हनफी तक्ते इशाची सुरुवात याच १८ अंशांवर धरतात, आणि पहाटे सूर्य पुन्हा १८ अंशांपर्यंत वर आला की फजरची. म्हणजे पुण्यातल्या वेधशाळेतला शास्त्रज्ञ ज्याला ‘खरी रात्र’ म्हणतो, ती आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मिनिटासकट लिहिलेली असते. (तांबडी शफक मावळली की इशा धरणाऱ्या घरांनी आणखी थोडा वेळ थांबावं.) पिंपरीत डिसेंबरच्या मध्याला ही रात्र संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास सुरू होते आणि पहाटे पावणेसहाच्या आसपास संपते. चांगले साडेदहा तास. मे महिन्याच्या शेवटी तीच जेमतेम आठ तासांची उरते. लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना विचारा, मेच्या शेवटापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे सूर्य १८ अंश खाली जातच नाही. इशा कधी धरायची यावर तिथल्या मशिदींत चर्चा होतात, आणि तिथले हौशी आकाशनिरीक्षक दुर्बिणी झाकून ठेवतात.

दुसरी सोय हिजरी तारखेची. अंधुक वस्तूंचा फोटो काढायचा तर आकाशात चांद नको. इंग्रजी तारखेवरून चांद कुठे असेल ते कळत नाही. हिजरी तारखेवरून कळतं. महिन्याच्या २३ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत रात्रीचा मोठा भाग अंधाराचा मिळतो. १३, १४ आणि १५ या अय्याम-ए-बीजच्या रात्री, नावाप्रमाणेच, पांढऱ्याशुभ्र. त्या रोजांसाठी उत्तम, आमच्या कामासाठी निरुपयोगी.

हे काम म्हणजे काय, ते आता सांगते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली काही वर्षं आमच्या इमारतीच्या गच्चीवरून लहान दुर्बिणीला कॅमेरा जोडून तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका यांचे फोटो घेते. चांद आणि गुरू-शनी यांचे फोटो काढणं तुलनेने सोपं, कारण त्या वस्तू भरपूर उजेड देतात. तारकागुच्छ म्हणजे एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचा थवा. तेजोमेघ म्हणजे चमकणाऱ्या वायूचा ढग, उर्दूत सहाबिया. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची दुसरी वस्ती. यातल्या बहुतेक वस्तू शहरातून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा उजेड आपल्यापर्यंत पोचतो, पण इतका थोडा की तो थेंबाथेंबाने साठवावा लागतो.

या वस्तू आपल्याला परक्या मात्र नाहीत. शाळेच्या हजेरीपटात सुरैया, परवीन, कहकशां ही नावं दर दोन-तीन वर्षांनी येतातच. सुरैया हे अरबी नाव आणि परवीन हे फारसी नाव एकाच तारकागुच्छाचं आहे, मराठीत त्याला कृत्तिका म्हणतात. म्हणजे एका बाकावर बसलेल्या सुरैया आणि परवीन आकाशात एकच आहेत! हे वर्गात सांगितलं की दोघी एकमेकींकडे बघून हसतात. सुहैल म्हणजे अगस्ती, फेब्रुवारीत दक्षिणेला खाली चमकणारा तारा. सुहा म्हणजे सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारची बारीकशी अरुंधती. जुने अरब तिच्यावर नजर तपासायचे. आणि कहकशां म्हणजे आकाशगंगा. फारसीत त्याचा अर्थ गवताच्या काड्या ओढत नेल्याची वाट. पिंपरी-चिंचवडमध्ये वाढणाऱ्या कहकशां नावाच्या किती मुलींनी ती वाट बघितली असेल? मी नववीच्या वर्गात विचारलं तेव्हा तीन हात वर झाले, तिघांनीही गावी, आजोळी पाहिली होती.

का दिसत नाही, हे गच्चीवर उभं राहिलं की कळतं. रात्रीच्या आकाशाचा काळोख मोजायला जॉन बॉर्टल या अमेरिकन निरीक्षकाने २००१ साली १ ते ९ अशी मोजपट्टी दिली. १ म्हणजे वाळवंटातला काळोख, ९ म्हणजे महानगराचा मध्य. आपलं शहर आठ-नऊच्या घरात येतं. त्यातही एक अडचण खास इथली. दुर्बिणीची बैठक ध्रुवाच्या, आपल्या कुत्बी ताऱ्याच्या, रोखाने लावावी लागते. ध्रुव क्षितिजापासून किती उंच, तर आपल्या अक्षांशाइतका. पिंपरीत साडेअठरा अंशांच्या जरा वर, म्हणजे बराच खाली. आणि पिंपरीच्या उत्तरेला काय आहे? आधी भोसरीची एमआयडीसी, मग मोशी, मग चाकण. कारखान्यांचे तीन पाळ्यांचे दिवे, गोदामांचे हॅलोजन, नाशिक रस्त्यावरची होर्डिंग. ध्रुव बिचारा त्या उजेडाच्या पट्ट्यात नेमका बुडालेला असतो. ज्यांचे अब्बा किंवा शौहर चाकणला तिसऱ्या पाळीला जातात, त्या घरांना हा उजेड रोजीरोटीचा आहे, आमचंही घर त्यातलंच. त्यामुळे मी त्याच्यावर चिडत नाही. पण त्यातला बराच उजेड जमिनीवर पडण्याऐवजी आकाशात जातो, आणि त्याने कुणाचंही काम होत नाही.

एवढ्या उजेडातून पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूरच्या वस्तूचा फोटो निघतो का? निघतो.

माझी दुर्बीण ८० मिलिमीटर भिंगाची, ४०० मिलिमीटर केंद्रांतराची. स्वस्तातली आहे, त्यामुळे ठळक ताऱ्यांभोवती जांभळी किनार येते. कॅमेरा जुन्या बाजारातून घेतलेला डीएसएलआर. दोन्ही जोडायला एक कडी लागते, तिची आटी एम-४२, पाऊण मिलिमीटर पिचची. ऑनलाइन मिळते, पण आम्ही भोसरीच्या एका लेथवाल्याकडून करून घेतली. औद्योगिक पट्ट्यात राहण्याचा हा फायदा. गंमत म्हणजे मृग नक्षत्रातल्या प्रसिद्ध तेजोमेघाचा यादीतला क्रमांकही एम-४२च आहे; या दोन एम-४२चा एकमेकांशी काही संबंध नाही, पण माझ्या लेकीला वाटतं की असावा.

पहिला प्रश्न पृथ्वी फिरण्याचा. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. माझ्या दुर्बिणीतून स्थिर कॅमेऱ्याने फोटो घेतला तर एका सेकंदात तारा सहा-सात ठिपके सरकतो, आणि गोल ताऱ्याऐवजी रेघ उमटते. म्हणून मोटर लावलेली विषुववृत्तीय बैठक लागते. ती ध्रुवाच्या रोखाने लावली की पृथ्वीच्या उलट दिशेने, २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या वेगाने, दुर्बीण फिरवते. खर्च खरा इथे होतो. नवीन माणूस मोठी दुर्बीण घेतो आणि बैठकीवर पैसे वाचवतो. कुणी मला विचारलं तर मी उलट सांगते. बैठक भक्कम घ्या, वर लहान भिंग चालेल.

दुसरा प्रश्न उजेडाचा. तीस सेकंदांच्या वर एक्स्पोजर दिलं की आमच्या गच्चीवरून सगळा फोटो करडा-पांढरा होतो. देवयानी त्याच्यात असते, पण दिसत नाही. यावरचा उपाय म्हणजे एक मोठा फोटो काढण्याऐवजी शेकडो छोटे फोटो काढायचे आणि संगणकाकडून त्यांची सरासरी काढायची. याला स्टॅकिंग म्हणतात.

हे मी मुलांना असं समजावते. साठ मुलांचा वर्ग आहे, गोंगाट चालू आहे, आणि शेवटच्या बाकावरची एक मुलगी हळू आवाजात एकच शब्द म्हणते आहे. एकदा रेकॉर्ड केलं तर फक्त गोंगाट ऐकू येईल. पण तिला तोच शब्द शंभर वेळा म्हणायला लावला, शंभर रेकॉर्डिंग एकावर एक ठेवली आणि सरासरी काढली, तर? गोंगाट दर वेळी वेगळा असतो, त्यामुळे तो एकमेकांत मिसळून एकसारखी गुणगुण होतो. तिचा शब्द दर वेळी तोच असतो, तो वर येतो. गणित असं की शंभर फोटोंनी चित्र शंभर पटीने सुधारत नाही, शंभराच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे दहा पटीने सुधारतं. वीस पट हवं असेल तर चारशे फोटो लागतात. तीस पटीला नऊशे. सब्राचं गणित यापेक्षा चांगलं मी तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात देवयानीसाठी आम्ही चार रात्री मिळून चारशेवर फोटो घेतले, प्रत्येकी तीस सेकंदांचे. सगळे मिळून साडेतीन तासांचा उजेड. काहींतून लोहगावला उतरणारी विमानं गेली, काहींतून उपग्रहांच्या रेघा. त्या सॉफ्टवेअर आपोआप गाळतं, कारण त्या एकाच फोटोत असतात. सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, आणि आकाशाचा नकाशा बघायला स्टेलेरियमही.

आणखी दोन प्रकारचे फोटो लागतात, आणि ते काढायला घरातल्याच वस्तू पुरतात. दुर्बिणीच्या तोंडाला टोपण लावून, तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच थंडीत वीस-तीस फोटो घ्यायचे. त्यांना डार्क म्हणतात. त्यांत कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष, गरम ठिपके वगैरे उमटतात, ते मग मूळ फोटोंतून वजा करता येतात. दुसरे फ्लॅट. पांढरी सुती ओढणी दुपदरी करून दुर्बिणीच्या तोंडावर ताणायची, रबर लावायचा आणि पहाटेच्या उजळत्या आकाशाकडे रोखून फोटो घ्यायचे. भिंगावरची धूळ, कडांचा काळवंडलेपणा त्यात येतो आणि मग काढता येतो. ओढणीला सुरकुती नको. इस्त्री केलेली चांगली.

चारशे फोटोंची सरासरी निघाल्यावर पडद्यावर पहिल्यांदा जे दिसतं ते फारच निराशाजनक असतं, काळपट पडदा आणि मधे एक फिकट ठिपका. मग त्यातल्या अंधाऱ्या छटा हळूहळू ताणायच्या. ठिपक्याभोवती लांबट धुकं पसरतं, मग त्या धुक्यात एक काळी धुळीची रेघ दिसते, आणि बाजूला तिची छोटी सोबतीण दीर्घिका. माझ्या सासूबाई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “इतक्या लांबचं हे आपल्या गच्चीवर आलं?”

त्याआधी त्यांनी दुसरा प्रश्न विचारला होता आणि तो अनेक घरांत येतो म्हणून इथे लिहिते. रात्री ताऱ्यांकडे बघत बसणं म्हणजे नुजूमीचं काम नाही ना? इल्म-ए-नुजूम हा शब्द फलज्योतिषासाठी रुळला. आपण करतो ते इल्म-ए-हैअत, खगोलशास्त्र. पहिल्याला उलमांनी नेहमी विरोध केला. दुसऱ्यावाचून किब्ला, नमाजच्या वेळा आणि चांदचा हिशोब बसत नव्हता. मोठ्या मशिदींत त्यासाठी मुवक्कित नावाचा जाणकार नेमलेला असे. चौदाव्या शतकातला मोठा खगोलशास्त्रज्ञ इब्न अल-शातिर दमास्कसच्या उमय्यद मशिदीचा मुवक्कितच होता. सासूबाईंना एवढं पुरलं. त्यांच्या एका बहिणीला नाही पुरलं, त्यांच्याशी अजून बोलणं चालू आहे.

आणि देवयानी तर आपल्या ओळखीची म्हणावी इतकी जुनी. रय्य शहरात ९०३ साली जन्मलेल्या अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी ९६४च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रं आहेत, एक आकाशात दिसतं तसं आणि एक खगोलावर कोरतात तसं उलटं. देवयानी तारकासमूहाजवळ त्यांनी एका मोठ्या माशाच्या तोंडापाशी ढगासारखा एक डाग नोंदवला. दुर्बीण तेव्हा नव्हती. आज हाती असलेल्या नोंदींत या दीर्घिकेची ही सर्वांत जुनी निश्चित नोंद मानली जाते. तो ढग चक्राकार आहे हे समजायला १८८८चा डिसेंबर उजाडावा लागला. इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स या हौशी माणसाने वीस इंची दुर्बिणीतून चार तासांचं एक्स्पोजर देऊन तिचा फोटो घेतला, तेव्हा तिचे वळसे दिसले. ते स्वतः बांधकाम व्यावसायिक होते.

कॅमेऱ्याबद्दलही एक. काळोख्या खोलीच्या भिंतीला भोक पाडून बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा कशी पडते, याचा पद्धतशीर अभ्यास बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला केला. ग्रहणाच्या वेळी चंद्रकोरीसारख्या सूर्याची प्रतिमाही त्यांनी अशीच पाहिली. हे खरं आहे आणि अभिमान वाटावा असं आहे. पण त्याच्या जोडीला मोबाइलवर फिरणारा मजकूर, की ‘कॅमेरा’ हा शब्द अरबी ‘कमरा’वरून आला, तो चुकीचा आहे. शब्द लॅटिन आहे, त्याचा अर्थ खोली, आणि त्याचं मूळ ग्रीक. खऱ्या गोष्टी इतक्या असताना खोट्या पुढे पाठवायची गरज मला कधी कळलेली नाही.

पुण्याचा इतिहासही यात मागे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभारलेली. तिथली वीस इंची दुर्बीण पुढे कितीतरी वर्षं देशातली सर्वांत मोठी होती. वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला हे पारशी प्राध्यापक. २२ जानेवारी १८९८चं खग्रास सूर्यग्रहण बघायला त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला मोहीम नेली होती. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं दुसरं काम. पुण्यातून त्यांनी मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा तपासली. ही रेषा कशाची, यावर तेव्हा इंग्लंडमध्ये मोठा वाद होता. काही जण तर ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्यच मानत होते. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की ती ऑक्सिजनचीच रेषा आहे, अतिशय विरळ वायूत उमटणारी. नायगमवाला निवृत्त झाले, १९१२मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आता हीच हिरवी रेषा आम्हाला पिंपरीत कामाला येते. शहरातून तेजोमेघांचे फोटो घ्यायला एक गाळणी मिळते, ती हायड्रोजनचा तांबडा आणि ऑक्सिजनचा हा हिरवा, असे दोनच अरुंद पट्टे आत सोडते. रस्त्यावरच्या दिव्यांचा बाकीचा उजेड बाहेरच राहतो. त्यामुळे मृगातला तेजोमेघ चाकणच्या कंपनी क्वार्टर्समधूनही चांगला येतो. दीर्घिकांना मात्र ही गाळणी फारशी उपयोगी नाही. दीर्घिका म्हणजे तारे, आणि तारे सगळ्याच रंगांत उजेड देतात. एलईडी दिवेही तसेच. पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे मोजक्या रंगांत जळायचे, ते गाळता यायचे. पांढरे एलईडी आल्यापासून ते अवघड झालं.

मराठवाड्यातल्या वाचकांसाठी हैदराबादचा उल्लेख करायलाच हवा. नवाब जफर जंग या सरदारांनी १९०१च्या सुमारास स्वतःच्या हौसेने पंधरा इंची दुर्बीण मागवून वेधशाळा काढली. त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ साली निजाम सरकारने ती ताब्यात घेतली. सगळ्या आकाशाचा फोटोंवरून नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात निजामिया वेधशाळेने वाटा उचलला आणि काचेच्या तबकड्यांवर लाखो ताऱ्यांच्या जागा मोजून छापल्या. औरंगाबाद, नांदेड, बीड तेव्हा त्याच संस्थानात होती.

आजच्या हौशी माणसाला अजून काही शोधता येतं का? २०२२ साली फ्रान्समधले यान सेन्टी, आणि त्यांच्याबरोबर मार्सेल ड्रेक्सलर आणि झेवियर स्ट्रॉटनर, यांनी चार इंचांच्या दुर्बिणीतून देवयानीवर शंभराहून अधिक तास उजेड साठवला. ऑक्सिजनच्या त्याच हिरव्या रेषेत देवयानीशेजारी एक भलीमोठी कमान उमटली, जी आधी कुणालाच दिसली नव्हती. जगातल्या सर्वांत जास्त फोटो निघालेल्या दीर्घिकेशेजारी! २०२३च्या जानेवारीत शोध प्रसिद्ध झाला. ती कमान देवयानीजवळ आहे की आपल्याच आकाशगंगेत, यावर अजून मतभेद आहेत. पुण्यातलं उदाहरण हवं तर २०२१च्या मे महिन्यात सोळा वर्षांच्या प्रथमेश जाजूने पन्नास हजारांहून अधिक प्रतिमा जोडून चांदचा फोटो केला, तो देशभर गाजला. पद्धत हीच, स्टॅकिंगची.

इथे पालकांना एक विनंती. आजकाल काही फोन चांदकडे रोखले की स्वतःच्या माहितीतून बारकावे भरून सुंदर चांद दाखवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं की ती तेजोमेघही काढून देते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात अशी चित्रं येऊ लागली आहेत. मी मुलांना एकच विचारते, ‘तुझा मूळ फोटो कुठे आहे?’ आमच्या फोटोतही रंग वाढवलेले असतात, छटा ताणलेल्या असतात, डोळ्याला देवयानी कधीच अशी दिसत नाही. पण जो उजेड तिकडून आलाच नाही, तो आम्ही घातलेला नसतो. एका मुलाने साध्या कॅमेऱ्यावर, ट्रायपॉडवर, सहा-सहा सेकंदांचे दीडशे फोटो घेऊन कृत्तिका आणल्या. सात-आठ तारे आणि थोडी धूसर निळाई, बाकी काही नाही. मी त्याला पैकीच्या पैकी दिले, शेजारच्या चकचकीत पोस्टरला नाही.

ट्रायपॉडचा हा मार्ग सुरुवातीला सर्वांत बरा. घरात कुणाच्या लग्नासाठी घेतलेला डीएसएलआर असेल तर ५० मिलिमीटरच्या लेन्सने, मोटर-दुर्बिणीशिवाय, कृत्तिका आणि मृगाचा तेजोमेघ दोन्ही येतात. आमची दुर्बीण आणि बैठक मिळून अडतीस हजारांना पडली, कॅमेरा सतरा हजारांना, आणि त्यासाठी माझ्या शौहरचा चाकणच्या कारखान्यातला एका वर्षाचा बोनस आणि माझी भिशी गेली. स्वतःच वस्तू शोधून स्वतःच स्टॅकिंग करणाऱ्या छोट्या स्वयंचलित दुर्बिणीही आता मिळतात, किंमत पन्नास हजारांच्या आगेमागे. सोय आहे, पण मुलं शिकत काहीच नाहीत, असं माझं मत. आधी बघायचं असेल तर चिंचवडच्या सायन्स पार्कमध्ये जा. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हौशी निरीक्षकांना शिकवते आहे. आयुकाचे लोकांसाठी कार्यक्रम असतात.

मुलींना गच्चीवर रात्री कसं सोडायचं, हा प्रश्न मला शाळेतल्या आयांनी विचारला आहे. आमच्याकडे गच्चीवर आम्ही दोघी-तिघी असतो, थर्मास असतो, आणि सासूबाई खुर्ची टाकून तस्बीह घेऊन बसतात. कॅमेरा एकदा चालू झाला की तो स्वतःच फोटो घेत राहतो, खाली येऊन झोपलं तरी चालतं. गच्चीवर जागत बसायचं कारण खरं म्हणजे आवड हेच.

आकाशाचा काळोख राखता येतो, याचं उदाहरण याच रस्त्यावर आहे. चाकणवरून नाशिककडे निघालं की मंचरपासून आत, घोडेगावच्या बाजूला गिरवलीला आयुकाची दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे, २००६पासून. पुढे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्या रेडिओ लहरी ऐकतात, आणि त्यांच्याभोवतीची रेडिओ-शांतता जपायला सरकारने उद्योगांवर बंधनं घातली आहेत. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीवरही त्यामुळे फेरविचार करावा लागला. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ साली देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं. वाघांसाठी, दीर्घिकांसाठी काळोख राखतो, तर वस्तीत निदान जिथे गरज नाही तिथला दिवा खाली वळवता येईल. आमच्या सोसायटीने आवारात नवा मोठा दिवा लावला तेव्हा त्याचा निम्मा झोत समोरच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांत आणि आकाशात जात होता. सुरक्षेसाठी दिवा हवाच, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. भोसरीतून पत्र्याची एक टोपी करून आणली, साडेतीनशे रुपये. आता उजेड पार्किंगवर पडतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खाला म्हणतात की झोप लागते.

मशिदीच्या मिनारचे दिवे हा जरा नाजूक विषय होता. ते रात्रभर चालू असायचे. माझे शौहर जुम्याच्या नमाजनंतर कमिटीच्या बुजुर्गांशी बोलले, आमचा देवयानीचा फोटो मोबाइलवर दाखवला, विजेच्या बिलाचाही विषय निघाला. दोन महिने काही झालं नाही. मग एके दिवशी टायमर बसला. शब-ए-बरात, रमजान आणि ईदच्या रात्री दिवे पूर्वीसारखेच रात्रभर. एरवी इशाच्या जमातीनंतर अर्ध्या तासाने बंद होतात आणि फजरच्या आधी अर्धा तास लागतात. ते लागले की आम्ही टोपण लावून डार्क घ्यायला सुरुवात करतो.